परदेशांतील आप्तांशीं संभाषण : कांहीं व्यवहार्य सूचना

ज्या घरांतील एखादें तरी माणूस शिक्षणासाठीं वा नोकरीसाठीं सातासमुद्रांपलीकडे गेलेलें नाहीं, असें कुटुंब आमच्या परिचितांत विरळाच. अशा मंडळींशीं इंटरनेटवरून बोलणें हा आतां नित्यक्रम झाला आहे. परंतु या बोलण्यांत घरच्या वृद्धांच्या वांट्यास काय येतें, इकडे फारसें कोणाचें लक्ष नसतें. आवाज तुटतो, शब्द घुमतात. आजीबाई संकोचानें "हो, हो, आलं ऐकूं" म्हणतात व फोन सुनेच्या हातीं देतात. हा दोष त्यांच्या कानांचाच असेल असें नाहीं. पुष्कळदां तो सेटिंगचा असतो. म्हणून हे चार शब्द.

२००३ सालीं निघालेलें स्काइप पुष्कळ घरांच्या अंगवळणीं पडलें होतें. तें मे २०२५ मध्यें बंद झालें. अ‍ॅप बदलतें, बटनांच्या जागा बदलतात. तत्त्वें मात्र तींच राहतात. तीं समजून घेणें श्रेयस्कर.

प्रथम परवानगी. मायक्रोफोन व कॅमेरा वापरण्याची मुभा फोननें त्या अ‍ॅपला दिली नसेल, तर आपण कितीही मोठ्यानें बोललों तरी पलीकडे शब्द पोंचत नाहीं. फोनच्या सेटिंगमध्यें त्या अ‍ॅपच्या नांवाखालीं ही मुभा पाहावी.

दुसरा प्रश्न प्रतिध्वनीचा. आपणांस आपलाच आवाज परत ऐकूं आला, तर कारण बहुधा पलीकडच्या घरीं असतें. तेथील स्पीकरमधून निघालेला आपला शब्द तेथीलच मायक्रोफोन टिपतो व परत धाडतो. अशा वेळीं त्यांनीं हेडफोन लावावा किंवा स्पीकरचा आवाज कमी करावा. आपण आपलीं बटनें दाबीत बसण्यांत अर्थ नाहीं.

तिसरी गोष्ट वेगाची. आवाजास इंटरनेटची क्षमता थोडी लागते, चित्रास पुष्कळ. शब्द तुटूं लागले कीं कॅमेरा बंद करावा. नातवाचें तोंड क्षणभर दिसलें नाहीं तरी चालेल, बोलणें तुटतां कामा नये. शब्द पोंचण्यास एका बाजूनें सुमारे १५० मिलिसेकंदांहून अधिक विलंब लागूं लागला, कीं दोघेही एकदम बोलूं लागतात. त्यावर उपाय सेटिंगचा नव्हे, संयमाचा : समोरच्याचें वाक्य संपल्यावर एक श्वास थांबावें.

गाणें वा स्तोत्रपाठ शिकविणारांनीं आणखी एक ध्यानांत ठेवावें. ही अ‍ॅपें पंख्याची घरघर गाळून टाकतात. तंबोऱ्याचा अखंड स्वरही त्यांस घरघरच वाटतो! झूममध्यें मूळ ध्वनि जसाचा तसा पाठविण्याची सोय आहे. ती चालू करावी, मात्र हेडफोन लावूनच.

आतां सर्वांत महत्त्वाचें. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्यें गोपनीयतेच्या सदराखालीं अनोळखी नंबरांचे कॉल वाजूं न देण्याची सोय आहे. असे कॉल यादींत मात्र दिसतात. ती चालू करण्यापूर्वीं मुलाबाळांचे नंबर फोनमध्यें साठवून ठेवावे. अनोळखी माणसानें सांगितलें म्हणून आपल्या फोनचा पडदा त्यास कदापि दाखवूं नये. त्यावर येणारे बँकेचे गुप्त अंक त्यास आयतेच दिसतात. पोलिसी वेषांत 'डिजिटल अटक' सांगणारा ठकच समजावा. अशी अटक आपल्या कायद्यांत नाहींच.

तरुण मंडळींस एकच विनंति. आजोबांच्या हातांतून फोन घेऊन झटक्यांत सारें लावून देऊं नका; त्यांच्याच बोटांनीं करवून घ्या, आणि ते कागदावर टिपून घेतील तोंवर थांबा. एकदां लावून दिलेलें पुढच्या बदलाबरोबर जातें. स्वतः शिकलेलें टिकतें. दूरच्या नातवाशीं मनांतलें बोलावयास घरांत दुसऱ्या कोणाची वाट पाहावी लागूं नये, एवढें स्वातंत्र्य म्हातारपणीं असावें, असें आम्हांस वाटतें.