ढोलाशेजारी कीबोर्ड

सातपुड्यात होळीला मोठा ढोल घुमतो. नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या राजवाडी होळीत कमरेला घुंगरू आणि वाळके भोपळे बांधलेले बावा-बुध्या त्याच ठेक्यावर रात्रभर नाचतात. लग्नसराईत मात्र नवापूर पट्ट्यात गाडीवर चढवलेला आदिवासी बँड लागतो: कीबोर्ड, ड्रमपॅड, भलेमोठे स्पीकर, माइकवर गायक. याने परंपरा बुडते, हा आक्षेप मला अर्धाच पटतो. आयर्लंडमधल्या डंडॉकच्या ‘द कॉर्स’ या चार भावंडांच्या बँडने १९९५च्या पहिल्या अल्बमपासून टिन व्हिसल आणि व्हायोलिन पॉपच्या ठेक्यात मिसळले. त्यातून आयरिश वळणाची सुरावट जगभर पोहोचली, पुसली गेली नाही. नंदुरबारच्या बँडचीही परीक्षा वाद्यांवर नको, समोरच्या नाचावर व्हावी. हातात हात गुंफलेली रांग कीबोर्डवरही तशीच झुलत असेल, तर मूळ शाबूत आहे. उरलेला अर्धा आक्षेप खरा आहे: भोपळा आणि शिंग जोडून केलेली, फुंकून वाजवायची पावरी स्पीकरपुढे ऐकूच येत नाही. पण तो दोष कीबोर्डचा नाही, आवाजाच्या मांडणीचा आहे. गाडीवरचा एक माइक पावरीवाल्यासाठी राखून ठेवायला हवा, आणि तो आजच ठेवता येतो.