साप, चित्ता, एव्हरेस्ट आणि आपल्या मुलांचे इंग्रजी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत संध्याकाळी सातच्या सुमारास मुले जमली होती. सातवीतला एक मुलगा कोपऱ्यात बसून एक पातळशी इंग्रजी पुस्तिका वाचत होता. हा मुलगा इंग्रजीत नेहमीच मागे. धड्याचे पुस्तक उघडले की त्याला झोप येते, अशी त्याच्या आईची तक्रार. आई चार घरची धुणीभांडी करते, वडील नाक्यावर उभे राहून मिळेल ते काम करतात. त्या दिवशी मात्र हा पठ्ठ्या मान वर काढीना. जवळ जाऊन पाहिले, तर सापांवरचे पुस्तक!

आम्हाला पाहताच तो म्हणाला, "काका, यात लिहिलंय, साप चावला तर तिथं ब्लेडनं कापायचं नाही. आपल्या गल्लीत तर कापलं होतं!"

खरे होते. आदल्या वर्षी गल्लीतल्या एका गृहस्थांना साप चावला, तेव्हा शेजाऱ्यांनी भल्यासाठीच म्हणून पायाला ब्लेड लावले होते. साप बिनविषारी निघाला, माणूस वाचला. पण जखम चिघळली आणि दोन महिन्यांची मजुरी बुडाली. आता सातवीतला पोर इंग्रजीतून वाचून सांगत होता की कापू नका, आवळून बांधू नका, हातपाय हलवू देऊ नका, लगेच दवाखाना गाठा. त्या दिवसापासून आम्ही या विषयाकडे गंभीरपणे पाहू लागलो.

आमचीच कहाणी

आमच्या पिढीने पाचवीत ए-बी-सी-डी गिरवली. पुढे बी.कॉम. झालो. डेबिट-क्रेडिटच्या व्याख्या इंग्रजीत तोंडपाठ होत्या. नोकरीसाठी एका खासगी कचेरीत मुलाखतीला गेलो, तेव्हा साहेबांनी समोर इंग्रजी वर्तमानपत्र सरकवले आणि एक बातमी वाचून तिचा अर्थ सांगा म्हणाले. दुसऱ्या ओळीवरच गाडी अडली. दहा वर्षे इंग्रजी शिकलो होतो, पण परीक्षेबाहेरचे एक पानही कधी वाचले नव्हते. ती नोकरी गेलीच, पण घरी जाऊन वडिलांना काय सांगायचे, ही लाज जास्त होती.

आज परिस्थिती बदलली असे वाटते. २००० सालापासून महाराष्ट्रात मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आले. अनेक आईबाप पोटाला चिमटा काढून इंग्रजी माध्यमाची फी भरतात, वर क्लासची फी वेगळी. तरीही अभ्यासिकेत येणाऱ्या नववीच्या मुलाला न पाहिलेले पान वाचायला दिले की तो गाइड शोधतो. स्पेलिंग पाठ, उत्तरे पाठ, आणि वाचन शून्य! दोष मुलांचा नाही. त्यांना वाचावेसे वाटेल आणि वाचता येईल असे काही हातात पडतच नाही.

ढाक्यातल्या मास्तरांचा हिशेब

हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी एका माणसाला पडला होता. त्यांचे नाव मायकेल वेस्ट. ब्रिटिश अमदानीत ते बंगालमध्ये शिक्षण खात्यात होते आणि ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. १९२६ साली त्यांचे बंगालमधील द्वैभाषिकतेवरचे पुस्तक निघाले. त्यात त्यांनी विम्याच्या धंद्यातला एक शब्द शिक्षणाला लावला: सरेंडर व्हॅल्यू.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी विम्याची पॉलिसी असते. हप्ते भरता भरता दमलो आणि पॉलिसी मध्येच मोडली, तर जे काही हातात परत मिळते ती तिची सरेंडर व्हॅल्यू. सुरुवातीच्या काळातच मोडली तर बहुधा हात हलवत परत यावे लागते. वेस्ट यांनी विचारले, गरिबाचे मूल मध्येच शाळा सोडते, तेव्हा त्याने भरलेल्या 'हप्त्यां'चे काय होते? व्याकरणाचे अर्धे नियम आणि चार पाठ कविता घेऊन ते घरी बसते. त्याचा कवडीचा उपयोग नाही. वाचनाचे तसे नाही. दोन वर्षे शिकलेल्याला दोन वर्षांपुरते तरी वाचता येते, आणि पुढे मास्तर नसला तरी एकट्याने वाढवता येते. जमाखर्च लिहिण्यात आयुष्य गेलेल्या आमच्यासारख्या कारकुनाला हे गणित लगेच पटले.

वेस्ट यांना दुसरीही गोष्ट दिसली. मुलांच्या पुस्तकांत दर पानाला नव्या शब्दांचा ढीग असे आणि एकदा आलेला शब्द पुन्हा तोंड दाखवत नसे. म्हणून त्यांनी अवघड, क्वचित लागणारे शब्द काढून टाकले, नवे शब्द थोडे थोडे आणले आणि ते पुन्हा पुन्हा येतील अशी वाचनमाला रचली. पुढे १९३५ साली त्यांनी एका सहकाऱ्यासह असा शब्दकोश काढला की त्यातल्या सुमारे २४ हजार शब्दांचे व वाक्प्रचारांचे अर्थ अवघ्या १,४९० सोप्या शब्दांत सांगितले होते. आज जगभर ज्यांना पायरीवार रीडर म्हणतात, त्यांची एक मोठी मुळी अशी आपल्याच उपखंडातल्या गरीब मुलांच्या वर्गात आहे.

पायरीवार रीडर म्हणजे काय?

ही पुस्तके शब्दांच्या मापाने बनवतात. ऑक्सफर्डच्या 'बुकवर्म्स' मालेचे उदाहरण घ्या. सुरुवातीची पायरी २५० मूळ शब्दांची, पहिली ४०० ची, दुसरी ७०० ची, तिसरी १,००० ची, असे करत सहावी पायरी २,५०० शब्दांची. या मालेत गोष्टींच्या पुस्तकांबरोबर 'फॅक्टफाइल्स' नावाची खऱ्या माहितीची पुस्तके आहेत. संकटातले प्राणी, वर्षावने, एव्हरेस्टची चढाई असे त्यांचे विषय. रंगीत छायाचित्रे भरपूर, शेवटी कठीण शब्दांचे अर्थ आणि प्रश्न.

गोष्टीपेक्षा खऱ्या माहितीची पुस्तके आमच्या मुलांना जास्त का रुचली, याचा आम्ही विचार केला. विलायती गोष्टीतली मुले, त्यांची घरे, त्यांचे सण सारेच परके. पण साप, पाऊस, उंदीर, चंद्र, भूकंप हे कोणाच्या बापाचे नाहीत. त्यांच्याविषयी आपल्या मुलाला आधीच थोडे ठाऊक असते, आणि ठाऊक असलेल्या गोष्टीचे इंग्रजी निम्मे आपोआप कळते. शिवाय सापाच्या पुस्तकात विष, दंश, कात हे शब्द दर पानावर भेटतात. दहाव्यांदा भेटलेला शब्द पाठ करावा लागत नाही.

आणि एका पुस्तकातून दुसरे प्रश्न फुटतात. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या दंशाने सर्वात जास्त घात होतो, आणि या चारही विषांवर चालणारी लस घोड्यांच्या रक्तातून तयार करतात, हे मुलांना कळले. मग प्रश्न आला, "काका, पण विष काढतं कोण?" शोधले तेव्हा तामिळनाडूतल्या इरुला आदिवासींची माहिती मिळाली. १९७८ साली त्यांची साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था उभी राहिली. ते साप पकडतात, विष काढतात आणि सापाला पुन्हा जंगलात सोडतात. त्यांच्यापैकी वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. ज्यांना लोक अडाणी म्हणत, त्यांच्या ज्ञानावर देशाचे जीव वाचतात. हे ऐकताना मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होते.

रद्दीतले पुस्तक, पण साल बघून

नवी परदेशी पुस्तके आपल्या खिशाला परवडत नाहीत. आमची निम्मी पुस्तके रद्दीवाल्याकडून आणि फूटपाथवरून आली. त्यात एक सावधगिरी हवी. एका जुन्या पुस्तकात ग्रह नऊ लिहिले होते. २००६ सालापासून प्लूटोची गणना त्यांत होत नाही, आता ग्रह आठ. दुसऱ्या पुस्तकात भारतात चित्ते उरले नाहीत असे होते. १९५२ साली ते नामशेष झाल्याचे जाहीर झाले होते, हे खरे. पण १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात आणले गेले. पाचवीतल्या एका मुलीने हे आम्हालाच ऐकवले, "काका, पुस्तक खोटं बोलतंय!" पुस्तक खोटे नव्हते, जुने होते. छापील ते सारेच ब्रह्मवाक्य नसते, हा धडाही तिने त्यातूनच घेतला.

पैसे नसतील तरी वाट बंद नाही. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर'वर प्राणी आणि विज्ञानावरची पायरीवार पुस्तके इंग्रजीत आणि मराठीत फुकट वाचता येतात. अनेक पुस्तके दोन्ही भाषांत असल्याने आधी मराठी, मग इंग्रजी वाचावे. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तकेही आपल्या आवाक्यात असतात. मोबाइल घरात आहेच, त्याला थोडे चांगले काम लावू या.

आपले पान आपण लिहावे

एव्हरेस्टचे पुस्तक वाचल्यावर आम्ही मुलांना मालावत पूर्णाची हकीकत सांगितली. शेतमजुराची ही आदिवासी लेक २५ मे २०१४ रोजी एव्हरेस्टवर चढली, तेव्हा तिचे वय होते १३ वर्षे ११ महिने. तिच्याबरोबर दलित समाजातला आनंद कुमार हा मुलगाही शिखरावर पोहोचला. दोघेही तेव्हाच्या अखंड आंध्र प्रदेशातल्या समाजकल्याण निवासी शाळांचे विद्यार्थी. मुलांनी या दोघांवर दहा सोप्या इंग्रजी वाक्यांचे पान लिहिले, चित्र काढले आणि भिंतीवर लावले. चुका होत्या, त्या सावकाश सुधारल्या. आता आमच्या भिंतीवर अशी अकरा पाने आहेत.

पालकांसाठी चार गोष्टी

एक, इयत्ता पाहू नका, पायरी पाहा. एका पानावर पाचांहून जास्त शब्द अडले तर खालची पायरी द्या. न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांच्यासारखे अभ्यासक सांगतात की आपले आपण सहज वाचायला शंभरातले सुमारे ९८ शब्द ओळखीचे लागतात. नववीच्या मुलाने पहिल्या पायरीचे पुस्तक घेतले म्हणून हसू नका.

दोन, रोज वीस मिनिटे. टी.व्ही. बंद, मोबाइल बाजूला.

तीन, प्रत्येक शब्दाला अडवू नका, परीक्षा घेऊ नका. "काय वाचलंस, मला मराठीत सांग" एवढेच म्हणा.

चार, चार घरांनी मिळून पुस्तके घ्या आणि फिरवा. दहा पुस्तकांत एक गल्ली वर्षभर वाचते.

"आम्हालाच इंग्रजी येत नाही, आम्ही काय शिकवणार?" असे माता-भगिनी म्हणतात. त्यांनी परळच्या चाळीतली ती एक खोली आठवावी. सुभेदार रामजींनी त्या खोलीत भीमरावांचा अभ्यास करून घेतला, तर्खडकरांची भाषांतराची पुस्तके घोटून घेतली, आणि पुस्तकांसाठी पैसे नसले तर लेकींचे दागिने गहाण टाकून आणले. आपल्याला दागिने गहाण टाकायचे नाहीत, वीस मिनिटे द्यायची आहेत.

तो सापवाला मुलगा आता आठवीत आहे. दुसरी पायरी वाचतो. रोज रात्री भांडी आवरल्यावर त्याची आई त्याच्यासमोर बसते आणि तो तिला वाचलेले मराठीत सांगतो. परवा ती माउली आम्हाला म्हणाली, "भाऊ, माझं बी शिकणं चाललंय की!"