घोडेगावपर्यंत आलेली गोष्ट

२०१६च्या मार्चमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवरून पीडीएफ पाठवता येऊ लागली. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओ आलं आणि डेटा एकदम स्वस्त झाला. या दोन घटनांचा मुलांच्या वाचनाशी काही संबंध असेल, असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नसेल. आज घोडेगावातून मागे पाहताना मराठी बालपुस्तकांच्या वाटेवरचं वळण मला तिथे दिसतं.

घोडेगाव हे बाजाराचं गाव. शुक्रवारी जनावरांचा बाजार भरतो, म्हशी घ्यायला लांबलांबचे व्यापारी येतात. कांद्याच्या दिवसांत लिलावासाठी ट्रॅक्टरांची रांग लागते. शनिशिंगणापूरला जाणारी वाहनं इथूनच आत वळतात. तालुका नेवासा, म्हणजे जिथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली तो. एवढी वर्दळ असूनही गोष्टीचं पुस्तक मात्र इथे सहजी हाती लागत नाही. दुकानात वह्या मिळतात, गाइडं मिळतात, स्वाध्यायपुस्तिका मिळतात. चित्रांचं पुस्तक हवं असेल तर पस्तीसेक किलोमीटरवरचं नगर गाठायचं. तिथे चोवीस पानी रंगीत पुस्तक हातात घेतलं की बाप आधी मागची किंमत बघतो, आणि त्याला दोष देता येत नाही. नगरचं नाव आता अहिल्यानगर झालं. अंतर आणि किंमत होती तिथेच आहेत.

खरं तर छापील अक्षराशी या जिल्ह्याचं नातं जुनं. अमेरिकन मिशनने 'ज्ञानोदय' १८४२ साली सुरू केलं ते नगरमध्ये. त्याच मिशनने १८७३ साली 'बालबोधमेवा' हे मुलांचं मासिक काढलं. पुढे १८८१मध्ये विनायक कोंडदेव ओकांचं 'बालबोध', १९०६मध्ये वासुदेव गोविंद आपट्यांचा 'आनंद', १९७१मध्ये बालभारतीचा 'किशोर'. या सगळ्यांची वाट एकच होती: वर्गणी भरायची आणि पोस्टमनची वाट पाहायची. ज्या घरात वर्गणी भरणारं माणूस होतं, तिथे अंक आला. मळ्यातल्या वस्तीवर, उसाच्या फडाशेजारच्या कोपीत तो येण्याचं कारणच नव्हतं.

ई-पुस्तकांची सुरुवात मी २००८पासून धरतो. त्या वर्षी सुनील सामंत यांच्या पुढाकाराने ठाण्यात ई साहित्य प्रतिष्ठानचं काम सुरू झालं. मराठी पुस्तकं पीडीएफ करून ईमेलने विनामूल्य पाठवायची, ही साधी कल्पना. मुलांची पुस्तकंही त्यात होती. या पुस्तकांच्या सुरुवातीच्या पानांवर लेखकाचा फोन नंबर असे आणि वाचून झाल्यावर एक फोन करा, अशी विनंती असे. मला ही पद्धत फार मोलाची वाटते. पैसे मिळणार नसतील तर निदान आपलं लिहिलेलं कुणीतरी वाचलं, हे तरी लेखकाला कळावं. खेड्यात शिक्षक असलेल्या कितीतरी लिहित्या माणसांना प्रकाशकाकडे खेपा न घालता वाचक मिळाला तो या मार्गाने.

पीडीएफच का, हेही सांगायला हवं. तेव्हाच्या फोनवर देवनागरी धड उमटत नसे. अक्षरांच्या जागी चौकोन दिसत, वेलांट्या भलतीकडे जात. छापखान्यातला मजकूर श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असे. तो जसाच्या तसा दुसऱ्या यंत्रावर टाकला की वाचण्याजोगा राहत नसे. पीडीएफमध्ये फॉन्ट फाइलबरोबरच जातो, म्हणून पान जसं मांडलं तसंच दिसतं. चित्रांच्या पुस्तकाला तर हे फार गरजेचं. अडचण पोचवण्याची होती: ईमेल असलेली घरं गावात किती? ती अडचण २०१६ने सोडवली. शाळेचा गट, भावकीचा गट, बचत गटाचा गट, सगळीकडे पीडीएफ जाऊ लागली.

इथे मात्र एक गोष्ट घडली, जिच्याबद्दल आपण पुरेसं बोललो नाही. पाठवणं सोपं झाल्यावर कुणाचं पुस्तक पाठवायचं, याचा विचार सुटला. विकत मिळणारी, लेखक-चित्रकारांनी वर्ष वर्ष घालवून केलेली पुस्तकं स्कॅन होऊन गटांवर फिरू लागली. हेतू चांगला होता, पण मराठी बालपुस्तकांची आवृत्ती मुळात लहान, चित्रकाराचं मानधन त्याहून लहान. अशा धंद्यातून एकेक गिऱ्हाईक गेलं तर पुढचं पुस्तकच निघत नाही. मुलांना वाचायला द्यायचं म्हणून मुलांसाठी लिहिणाऱ्याचा घास काढून घेणं मला पटत नाही, आणि 'शाळेसाठीच तर आहे' या सबबीने ते बरोबरही ठरत नाही.

परवानगी असलेलं पुस्तक वेगळं. ती दोन वाटांनी मिळते. पहिली वाट काळाची. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, म्हणून १ जानेवारी २०११पासून त्यांचं लेखन सर्वांचं झालं. 'श्यामची आई' आणि 'गोड गोष्टी' कुणीही टंकित करावं, छापावं, वाटावं. आज ते मोबाइलवर सहज मिळतं ते त्यामुळे. दुसरी वाट देणाऱ्याने स्वतःहून देण्याची. बालभारतीने 'किशोर'चे १९७१पासूनचे अंक संकेतस्थळावर मोफत वाचायला ठेवले. ज्या वस्तीवर तो अंक कधी आला नाही, त्या वस्तीवरच्या नातवाला आज आजोबांच्या लहानपणचा अंक उघडता येतो. अरविंद गुप्तांनी पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेत मुलांसाठी खेळण्यांतून विज्ञान मांडता मांडता शिक्षणावरची आणि मुलांची हजारो पुस्तकं आपल्या संकेतस्थळावर खुली केली, त्यांत मराठीही भरपूर. नगर जिल्ह्यातल्या अनेक शिक्षकांचं शिक्षणाविषयीचं पहिलं खरं वाचन तिथे झालं.

सगळ्यांत मोठं पाऊल प्रथम बुक्सचं. २००४पासून स्वस्त पुस्तकं छापणाऱ्या या संस्थेने ८ सप्टेंबर २०१५ रोजी, साक्षरता दिनी, स्टोरीवीव्हर हे खुल्या गोष्टींचं संकेतस्थळ सुरू केलं. पहिल्या दिवशी २४ भाषांत ८०० गोष्टी. आज भाषा तीनशेच्या वर गेल्या आहेत. पण आकड्यापेक्षा त्यामागचा परवाना मला महत्त्वाचा वाटतो. लेखक, चित्रकार आणि प्रकाशक यांची नावं दिलीत की गोष्ट उतरवून घ्या, छापा, भाषांतर करा, बदला, हवं तर विका. लेखक-चित्रकारांचं मानधन आधीच दिलेलं असतं. त्यासाठीचा पैसा देणगीतून येतो. म्हणजे शिक्षकाने पाठवलं तर कुणाचंच नुकसान होत नाही. प्रत्येक गोष्टीवर एक ते चार अशी वाचनाची पायरी लिहिलेली असते, त्यामुळे दुसरीच्या मुलापुढे सातवीचा मजकूर येत नाही. एका पानावर एकच ओळ असलेली गोष्ट अडखळत का होईना मूल शेवटापर्यंत नेतं, आणि पुस्तक पुरं केल्याचं समाधान त्याला मिळतं. जाडजूड पाठ्यपुस्तकात ते कधी मिळत नाही.

मग आलं २०२०. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. ग्रामीण भागात पाचवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ला आणि पहिली ते चौथीचे १ डिसेंबरला उघडले. जे मूल तेव्हा पहिलीत जाणार होतं, ते शाळेत बसलं तेव्हा थेट दुसरीत होतं. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' या उपक्रमात रोज अभ्यास येत होता. त्याच काळात 'गोष्टींचा शनिवार' सुरू झाला. राज्याचा शिक्षण विभाग, युनिसेफ आणि प्रथम बुक्स मिळून दर शनिवारी इयत्तेप्रमाणे एकेक गोष्ट पाठवत, सोबत करून पाहायला काहीतरी. सरकारी यंत्रणेने लाखो मुलांकडे गोष्ट, केवळ गोष्ट, तीही आनंदासाठी पाठवावी, याचं मला तेव्हाही अप्रूप होतं आणि आजही आहे.

किती जणांनी वाचली? 'असर' या शिक्षणविषयक पाहणीत, शाळेत जाणाऱ्या ज्या मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे त्यांचं ग्रामीण भारतातलं प्रमाण २०१८मध्ये ३६.५ टक्के होतं, २०२१मध्ये ६७.६ टक्के झालं. पण घरी फोन असूनही त्यांतल्या जवळपास एक चतुर्थांश मुलांच्या हाती तो येतच नव्हता. घोडेगावच्या आसपास हे समजून घ्यायला पाहणीची गरज नाही. फोन बापाच्या खिशात असतो आणि बाप लिलावात, नाहीतर सोनई-भेंड्याच्या कारखान्याकडे ऊस घेऊन गेलेला. संध्याकाळी फोन घरी येतो तेव्हा चार्जिंग संपलेलं, आणि मोठ्या भावाला त्यावर दुसरंच काही बघायचं असतं. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांत तर सगळ्यांत मिळून एक फोन. तिथे गोष्ट पोचली ती कुणीतरी संध्याकाळी कोपीबाहेर बसून मोठ्याने वाचली म्हणून. शाळा बंद राहिल्याचा परिणाम २०२२च्या 'असर'ने दाखवला: दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतली मुलं ग्रामीण भारतात २०१८मधल्या २७.३ टक्क्यांवरून २०.५वर आली होती.

शाळा उघडल्यावर ई-पुस्तकाचा जो वापर टिकला, तो आधी कुणी योजला नव्हता. शिक्षकांनी ती पुस्तकं कागदावर उतरवली. चार पानं एका कागदावर, काळीपांढरी झेरॉक्स, मध्ये स्टेपल. वर्गात दोरीवर टांगलेली पुस्तकं. रंग मुलांनी भरायचे. खुल्या परवान्यामुळे यात कुणाची चोरी नाही, आणि एका प्रतीचा खर्च चहाच्या कपाएवढा. काही शाळांनी उलटी वाटही धरली: मुलांनी हाताने लिहिलेलं, चित्रं काढलेलं हस्तलिखित फोनने स्कॅन करून पीडीएफ केलं आणि गावाच्या गटावर टाकलं. आपल्या पोराची कविता वाचायला त्या दिवशी बाप स्वतःहून फोन मुलाच्या हाती देतो. १५ ऑक्टोबरला, २०१५पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळल्या जाणाऱ्या दिवशी, असे ई-अंक बरेच निघतात. ते वर्षभर निघावेत.

एक उणीव मला सलते. मराठीत खुली मिळणारी ही बरीचशी चित्रपुस्तकं भाषांतरं आहेत. भाषांतर चांगलं असलं तरी त्यातलं गाव दुसरीकडचं असतं. म्हशींच्या बाजारात दाव्याला धरून उभी असलेली पोरगी, कांदा निवडायला आईबरोबर बसलेला मुलगा, ऊसतोडीमुळे अर्ध्या वर्षात शाळा बदलणारी भावंडं यांची गोष्ट अजून कुणी पुरेशी लिहिलेली नाही. साधनं आता सगळी गावात आहेत: देवनागरी नीट उमटणारा फोन, पीडीएफ करणारं मोफत अ‍ॅप, खुला परवाना, पाठवायला गट आणि बाजारपेठेत झेरॉक्सचं दुकान. या बाजारात रोज वावरणाऱ्या एखाद्या शिक्षिकेने, एखाद्या आडत्याच्या शिकलेल्या मुलीने सोळा पानांची पहिली गोष्ट लिहावी आणि आपलं नाव घालून ती सगळ्यांसाठी मोकळी सोडावी, याची मी मनापासून वाट पाहतो आहे.