लेकराच्या हृदयाचे ऑपरेशन : रक्ताची एक पिशवी वाचवता येते

करमाळा तालुक्यात उजनीच्या पाण्यावर आपण पाइपलाइन टाकून ऊस-केळी भिजवतो. मोटार चालू केली म्हणून लगेच दांडात पाणी येत नाही. आधी पाइपलाइन भरते. पाइप जितका लांब आणि जाड, तितके पाणी त्याच्याच पोटात राहते. लहान मुलाच्या हृदयाचे ऑपरेशन समजायला एवढे उदाहरण पुरे.

या ऑपरेशनात हृदय काही वेळ थांबवतात. तेवढा वेळ हृदयाचे आणि फुप्फुसांचे काम बाहेरचे यंत्र करते. अमेरिकेत डॉ. जॉन गिबन यांनी १९५३ साली असे यंत्र प्रथम यशस्वीपणे वापरले. यंत्राच्या नळ्या आधी भरून घ्याव्या लागतात. थोर माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते, त्याला ते सोसते. लेकराच्या अंगात मात्र किलोमागे सुमारे ८० मि.ली., म्हणजे दहा किलोच्या मुलात जेमतेम ८०० मि.ली. रक्त!

आता हिशेब करा. मुलाचे हिमोग्लोबिन १२ आहे आणि नळ्यांत ४०० मि.ली. क्षारपाणी भरले, तर रक्त पातळ होऊन ते ८ वर येते. मुळातच ९ असेल, तर ६ वर घसरते. मग दात्याचे रक्त द्यावेच लागते.

दात्याचे रक्त तपासूनच देतात आणि त्याने जीव वाचतात. तरीही ते परके रक्त. कधी ताप-पुरळ येते, कधी फुप्फुसांवर भार पडतो, क्वचित रोगही येतो. म्हणून डॉक्टर काटकसर करतात. यंत्र टेबलाजवळ आणून नळ्या आखूड व बारीक ठेवतात. सांडलेले रक्त गोळा करून, धुऊन मुलालाच परत देतात. रक्तातले जादा पाणी गाळून काढतात. रक्तस्राव कमी करणारे औषध देतात. तपासणीसाठीही थोडेच रक्त काढतात.

उरलेले काम आपल्या घरचे. ऑपरेशनची तारीख मिळाली की डॉक्टरांना विचारा, "मुलाचे रक्त भरून काढायला काय करू?" त्यांनी दिलेले लोहाचे औषध आणि जंताची गोळी न चुकता द्या. पालेभाजी, कडधान्ये, वर लिंबू, चालत असेल तर अंडे द्या. मनाने टॉनिक देऊ नका. ओठ निळे पडणाऱ्या मुलाचे हिमोग्लोबिन जास्त दिसते, तरी अंगात लोह कमी असू शकते. घरी चालू असलेले प्रत्येक औषध, काढासुद्धा, डॉक्टरांना सांगा.

एक मात्र ध्यानात ठेवा. तान्ह्या बाळाला बहुधा रक्त लागतेच. डॉक्टरांनी मागितले तर अडून बसू नका. आपल्या मुलाला ते लागले नाही, तरी गावातल्या धडधाकट माणसांनी रक्तदान करावे. कुणाच्या तरी लेकराला ते लागणारच आहे.

दूध पिताना बाळाला घाम येतो, धाप लागते, वजन वाढत नाही, खोकला सुटत नाही, ओठ निळे पडतात? अंगारे-धुपाऱ्यात दिवस घालवू नका. अंगणवाडीत आणि शाळेत येणाऱ्या तपासणी पथकाला मूल दाखवा. सरकारी आरोग्य योजनेतून अशी ऑपरेशने होतात. सोलापूर जिल्ह्यात ती योजना २०१२ साली पहिल्याच टप्प्यात आली. शिधापत्रिका घेऊन सरकारी दवाखान्यात चौकशी करा.

पेरणीआधी आपण रान तयार करतो. ऑपरेशनआधी लेकराचे अंगही तसेच तयार करू या.