आंबागडच्या जंगलातले चार आणि चारोळी

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याच्या काळात राजा खान पठाणाने इसवी सन 1700 च्या सुमारास बांधलेला आंबागडचा किल्ला आहे. त्याच्या आसपासच्या टेकड्यांवर साग, ऐन, मोह आणि तेंदू यांच्या सोबतीने चाराचे झाड वाढते. मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगाळलेली काळपट साल आणि जाड, चिवट, बोथट टोकाची पाने यांवरून ते दुरूनही ओळखू येते. बुकॅनॅनिया लॅन्झन हे त्याचे शास्त्रीय नाव असून आंबा, काजू आणि बिब्बा ही त्याच्याच कुळातली भावंडे आहेत. हिमालयात रानजर्दाळूचा गर आणि त्याच्या आठळीतला मगज या दोहोंना जसे वेगवेगळे मोल आहे, तसेच विदर्भाच्या जंगलात चाराचे आहे. मात्र कडू रानजर्दाळूच्या मगजात अमिग्डॅलिन नावाचे द्रव्य असते व त्यापासून पोटात विषारी हायड्रोसायनिक आम्ल सुटू शकते, तर चाराच्या आठळीतली चारोळी पिढ्यान्‌पिढ्या कच्चीच खाल्ली जाते.

चाराला माघ-फाल्गुनात पांढरट मोहोर येतो आणि चैत्र-वैशाखात वाटाण्याहून जरा मोठी फळे पिकून काळी होतात. त्यांचा गर पातळ, आंबट-गोड असतो. उन्हाळ्यात रानात जाणारी माणसे तो तिथेच चोखून खातात आणि अस्वलेही त्यावर ताव मारतात. हा गर टिकत नसल्यामुळे बाजारात तो क्वचितच पोचतो, आणि चारोळी काढण्यासाठी फळे पाण्यात भिजवून चोळली की तो बहुधा धुऊनच जातो. उरलेली आठळी वाळवतात आणि जात्यात हलक्या हाताने फिरवून फोडतात, कारण दाब थोडा जास्त झाला तरी आतल्या मगजाचा चुरा होतो. मग सुपाने टरफल पाखडून जो तांबूस दाणा हाती येतो, तीच श्रीखंडावर आणि बासुंदीत चिमटीने पडणारी चारोळी होय.

या दाण्याचे पोषणमूल्य चिमटीच्या मापाने पाहिले तर लक्षातच येत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकांनुसार 100 ग्रॅम चारोळीत 19 ग्रॅम प्रथिने, 59.1 ग्रॅम स्निग्ध पदार्थ, 279 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 8.5 मिलिग्रॅम लोह असून तिच्यापासून 656 किलोकॅलरी ऊर्जा मिळते. त्याच कोष्टकांत बदामाची प्रथिने 20.8 ग्रॅम आणि स्निग्ध पदार्थ 58.9 ग्रॅम आहेत, म्हणजे दूरच्या बागेतून येणारा बदाम आणि तुमसरच्या डोंगरातला हा दाणा पोषणात जवळजवळ बरोबरीचे ठरतात. बदाम मुलांच्या मुठीत आवर्जून दिला जातो आणि चारोळी मात्र केवळ सजावटीची वस्तू मानली जाते, ही या दाण्याची उपेक्षाच म्हणावी लागेल. अर्थात दाण्याचे निम्म्याहून अधिक वजन तेलाचे असल्यामुळे तो थोडाच खाणे योग्य.

हे तेल मुख्यतः ओलेइक आणि पामिटिक या मेदाम्लांचे बनलेले असते, आणि अँटिऑक्सिडंट म्हणजे काय हे समजून घेण्यासाठी त्याचे उदाहरण उपयोगी पडते. फोडलेली चारोळी उन्हाळ्यात उघड्या डब्यात राहिली की खवट होते, याचा अनुभव बहुतेक स्वयंपाकघरांत असतो. हवेतला प्राणवायू तेलातल्या मेदाम्लांवर हल्ला करतो, त्यातून मुक्त मूलके नावाचे अस्थिर कण तयार होतात, ते शेजारच्या रेणूंना बिघडवतात आणि बिघाडाची ही साखळी पुढे सरकत राहते. जे द्रव्य त्या कणांना निष्प्रभ करून ही साखळी तोडते, ते अँटिऑक्सिडंट. प्रयोगशाळेत याची चाचणी घेताना मुक्त मूलकांचे गडद जांभळे द्रावण घेतात व त्यात वनस्पतीचा अर्क घालतात. अर्क प्रभावी असेल तर जांभळा रंग ओसरून द्रावण पिवळसर होते. चाराची पाने, साल आणि दाणे यांच्या अर्कांत फिनॉल वर्गातली द्रव्ये असल्याचे आणि त्यांच्यात हा गुण असल्याचे संशोधकांनी दाखवले आहे. तथापि परीक्षानळीत रंग बदलला म्हणून माणसाचा रोग बरा होतो असे सिद्ध होत नाही, आणि चारोळीला औषध म्हणून विकणाऱ्या जाहिराती नेमका हाच फरक झाकून ठेवतात. घरगुती उपयोगाचा निष्कर्ष साधा आहे: न फोडलेल्या आठळीत दाणा जास्त दिवस चांगला राहतो, आणि फोडलेला दाणा घट्ट झाकणाच्या डब्यात, थंड जागी ठेवून लवकर संपवावा.

खरी हानी साठवणीपेक्षा तोडणीत होते. इतरांच्या आधी फळ हाती यावे म्हणून हिरवी फळे ओरबाडली जातात, कधी फांद्याच छाटल्या जातात. बियांमध्ये तेल भरण्याचे काम पक्वतेच्या अखेरच्या टप्प्यापर्यंत चालू असल्याने अशा फळातला दाणा पोचट निघतो, त्याला भाव कमी मिळतो, आणि गर तर खाण्याजोगाही झालेला नसतो. शिवाय विकायची वस्तू हीच झाडाची बी असल्यामुळे सगळी आठळी वेचून नेली तर जमिनीवर रुजायला काही उरत नाही. कवच टणक असल्याने आणि साठवलेल्या बियांची उगवणशक्ती घटत जात असल्याने रोपे मुळातच कमी तयार होतात.

वन हक्क कायदा, 2006 अन्वये गौण वनोपजावर, म्हणजे लाकडाखेरीजच्या वनउत्पन्नावर, वनहक्कधारकांची मालकी मान्य झालेली आहे, आणि 2013-14 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या किमान आधारभूत किंमत योजनेत चारोळीचा समावेश आरंभापासून आहे. ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत, तिथल्या ग्रामसभेला फळ काळे होण्याआधी कोणी तोडू नये आणि प्रत्येक भागातली काही झाडे बियांसाठी न वेचता सोडावीत, असे नियम करता येतात.