परसबाग : पाणी मोजून लावा, ऊन पाहून वाळवा



जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील बहुतेक कुटुंबांची मिळकत कापूस, केळी, मका, ज्वारी अशा पिकांवर अवलंबून आहे. शेतातील माल बाजारात जातो आणि घरातील भाजी मात्र आठवडे बाजारातून येते. पावसाळ्यात बांधावरची, रानातली भाजी मिळते. हिवाळ्यात बाजारात भाजी स्वस्त असते. खरी ओढाताण होते ती होळीनंतर. विहिरीचे पाणी खोल जाते, भाजीचे भाव चढतात, आणि ताटात भाकरीबरोबर ठेचा किंवा बेसन तेवढे उरते. घरातील लहान मुले, गरोदर व बाळंत स्त्रिया यांच्या आहारातील उणीव नेमकी याच दिवसांत वाढते.

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहार मार्गदर्शिकेत प्रौढ व्यक्तीसाठी दररोज सुमारे ४०० ग्रॅम भाज्या सुचविल्या आहेत. म्हणजे पाच माणसांच्या घरास दररोज दोन किलोच्या आसपास भाजी हवी. घरामागील अर्ध्या गुंठ्यातून ही सगळी गरज बारा महिने भागेल असे नाही. परंतु योग्य आखणी केल्यास वर्षातील एकही आठवडा भाजीवाचून जाणार नाही, एवढे निश्चित साधते.

परसबाग उन्हाळ्यात का मोडते?

श्रावणात हिरवीगार दिसणारी परसबाग होळीपर्यंत वाळून जाते, हा अनेकांचा अनुभव आहे. याचे कारण निगा कमी पडली असे सहसा नसते. पाण्याचा हिशोब न करता वर्षभर तेवढ्याच क्षेत्रावर लागवड ठेवली जाते, हे खरे कारण आहे. हा हिशोब सोपा आहे.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. भाजीपाल्यास हिवाळ्यात दररोज साधारण ४ मि.मी., तर एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडील कडक उन्हात व कोरड्या वाऱ्यात सुमारे ८ मि.मी. पाणी लागते. आता घरातील पाणी मोजा. न्हाणीचे, भांडी घासण्याचे, भाजी-धान्य धुण्याचे मिळून माणशी २० लिटर जरी धरले, तरी पाच माणसांचे १०० लिटर पाणी रोज मिळते. त्यातील २० लिटर साबणाचे पाणी केळी-अळूच्या खड्ड्यास जाते असे समजा. उरलेल्या ८० लिटरवर हिवाळ्यात २० चौ.मी. आणि उन्हाळ्यात केवळ १० चौ.मी. क्षेत्र भिजते. तीन मीटर लांब व एक मीटर रुंद असे वाफे केले, तर हिवाळ्यात सहा आणि उन्हाळ्यात तीन वाफे, हे आपल्या पाण्याचे माप झाले.

म्हणून पहिला नियम असा : पावसाळ्यात सर्व जागेत लागवड करावी, हिवाळ्यात सहा वाफे ठेवावेत आणि मार्चपासून तीनच वाफे जगवावेत. उरलेल्या वाफ्यांत शेणखत पसरून ते उन्हात तापू द्यावेत. जे ऊन बागेला मारक ठरते, तेच ऊन भाजी वाळविण्यास उत्तम असते. हिवाळ्यातील जादा भाजी वाळवून ठेवणे, हे उन्हाळ्यातील रिकाम्या वाफ्यांचे उत्तर आहे.

सांडपाण्याची सोय

न्हाणीचे पाणी उघड्या गटारात न सोडता पाइपाने परसात आणावे. सुमारे एक मीटर लांब, एक मीटर रुंद व एक मीटर खोल खड्डा घेऊन त्यात तळाशी मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर कोळसा व वर जाड वाळू असे थर द्यावेत. खड्ड्याच्या कडेने केळीची दोन झाडे, अळू व कर्दळ लावावी. ही झाडे साबणाचे पाणी सहन करतात. गाळून आलेले पाणी एका टाकीत किंवा पिंपात घेऊन त्याच दिवशी झाडांना द्यावे. साठवून ठेवल्यास त्यास वास येतो व डास होतात. वाळूचा वरचा थर दर महिन्यास काढून धुऊन घ्यावा.

पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.
१. शौचालयाचे पाणी कोणत्याही परिस्थितीत भाजीस देऊ नये.
२. कोथिंबीर, मुळा, गाजर, काकडी यांसारख्या कच्च्या खाण्याच्या भाज्यांना सांडपाणी देऊ नये. त्यांना धान्य-भाजी धुतलेले किंवा स्वच्छ पाणी द्यावे.
३. कपडे धुण्याच्या पावडरीचे पाणी वाफ्यांत सोडू नये. त्यातील सोडियममुळे काळी जमीन चोपण होऊन कडक बनते.
४. पाणी झाडाच्या बुडाशी द्यावे, पानांवर शिंपडू नये. दिवस मावळताना पाणी दिल्यास त्याचे बाष्पीभवन कमी होते.

उन्हाळ्यातील तीन वाफ्यांवर वाळलेले गवत, गव्हाचे काड किंवा केळीची सुकी पाने यांचे चार बोटे जाडीचे आच्छादन अवश्य करावे. जुन्या सुती लुगड्याचा पडदा पश्चिमेकडून बांधल्यास दुपारच्या झळांपासून रोपे वाचतात.

आखणी आणि लागवड

अर्धा गुंठा म्हणजे साधारण १० मीटर लांब व ५ मीटर रुंद जागा. उत्तर व पश्चिम कडेस शेवगा, कढीपत्ता, कागदी लिंबू व पपई यांचे एक-एक झाड लावावे. पश्चिमेकडील शेवग्याची विरळ सावली उन्हाळ्यात वाफ्यांना उपयोगी पडते. कुंपणावर वेलवर्गीय भाज्या चढवाव्यात. एका कोपऱ्यात केरकचरा व शेण यांसाठी कंपोस्टचा खड्डा ठेवावा. पाण्याच्या वाटेवर पुदिना लावावा.

पावसाळा : गिलके, दोडके, कारले, दुधी कुंपणावर, भेंडी, गवार, चवळी, अंबाडी वाफ्यांत. वांगी व मिरचीची रोपे जून-जुलैत गादीवाफ्यावर तयार करावीत. काळ्या जमिनीत पाणी साचत असल्यास वाफे वीतभर उंच करावेत.

हिवाळा : मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर, टोमॅटो, लसूण, कांद्याची पात, वाल. मेथी-पालक एकदम न पेरता पंधरा दिवसांच्या अंतराने एकेक वाफा पेरावा.

उन्हाळा : तीन वाफ्यांत पोकळा, गवार व भेंडी. पोकळ्याची भाजी पेरणीनंतर तीन-चार आठवड्यांत कापणीस येते, म्हणून कमी पाण्यात ती सर्वांत किफायतशीर ठरते.

वेलांच्या मांडवासाठी तुराट्या वापराव्यात आणि बांधण्यास केळीच्या वाळलेल्या सोपटाचे पट्टे घ्यावेत. सुतळी विकत आणावी लागत नाही. कपाशीच्या पराट्या मात्र पुढील हंगामापर्यंत घराजवळ रचून ठेवू नयेत. त्यांवरील न फुटलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत राहते व पुढील पिकावर उतरते. या पराट्या हिवाळ्यातच भरीत भाजण्यासाठी व चुलीसाठी संपवाव्यात.

अंबाडी : एका झाडात तीन कामे

पूर्वी ज्वारी-कपाशीच्या कडेने अंबाडीच्या ओळी हमखास असत. नायलॉनची दोरी आली आणि अंबाडी मागे पडली. परसबागेच्या कडेस तिची एक ओळ तरी ठेवावी. कोवळ्या पानांची भाजी ज्वारीच्या कण्या घालून केली जाते. लाल अंबाडीच्या बोंडांच्या मांसल पाकळ्यांची चटणी व सरबत होते, आणि त्या वाळवूनही ठेवता येतात. झाडे फुलावर आल्यावर काही कापून त्यांच्या जुड्या दहा-पंधरा दिवस पाण्यात बुडवून ठेवल्यास साल सुटते. ती धुऊन वाळविली की वाख मिळतो. त्याची दावी, कासरे व शिंकी वळता येतात. जुड्या भिजविण्यासाठी पिण्याच्या पाण्याचा किंवा गुरांचा हौद वापरू नये, कारण पाणी कुजून दुर्गंधी येते.

भरिताचे वांगे आणि घरचे बियाणे

जळगावच्या भरिताच्या वांग्यास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. यावल तालुक्यातील बामणोदची वांगी तर या भागात सर्वांना ठाऊक आहेत. हिरवे, पांढरट रेषांचे, मोठे व कमी बियांचे हे वांगे पराट्यांच्या आगीवर भाजून बडगीत हिरवी मिरची व लसणाबरोबर ठेचले जाते. चंपाषष्ठीपासून घरोघर भरीत व कळण्याची भाकरी होते. चार भाग ज्वारीत एक भाग सालीसह उडीद व मीठ घालून दळलेला कळणा हा धान्य व कडधान्य यांचा चांगला मेळ आहे. अशा सहा झाडांचे वांगे घरास पुरते.

या वांग्याचा वाण टिकला तो घरोघर बी धरल्यामुळे. आता बाजारातून संकरित बियाणे आणले जाते. संकरित वाणाचे बी धरून पुढील वर्षी लावल्यास सारखी झाडे येत नाहीत, म्हणून ते दरवर्षी विकत घ्यावे लागते. परसबागेसाठी सरळ किंवा गावरान वाण घ्यावेत. भेंडीत परभणी क्रांती, गवारीत पुसा नवबहार, मिरचीत फुले ज्योती, भरिताच्या वांग्यात गावरान किंवा फुले हरित हे सरळ वाण आहेत. बियाणे पुढीलप्रमाणे धरावे.

१. निरोगी, जोमदार झाड निवडून त्यावर दोरा बांधावा. पहिली फळे भाजीस घ्यावीत व नंतरची दोन चांगली फळे बियाण्यास राखावीत.
२. वांगे झाडावरच पिवळे होईपर्यंत ठेवावे. मग चिरून गर पाण्यात कुस्करावा. तळाशी बसलेले भरीव बी घ्यावे, तरंगणारे टाकून द्यावे.
३. बी प्रथम सावलीत व नंतर कोवळ्या उन्हात वाळवावे. दाताखाली कट्‌कन तुटले म्हणजे वाळले असे समजावे.
४. चुलीची चाळलेली राख मिसळून बी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. डब्यावर नाव व वर्ष लिहावे.

वेलवर्गीय भाज्यांत परागीकरण कीटकांमार्फत होते. त्यामुळे जवळपास त्याच भाजीचा दुसरा वाण असल्यास बियाण्यात भेसळ होते. यासाठी दोडक्याचे किंवा दुधीचे मादी फूल दुपारी दोऱ्याने बांधून ठेवावे, संध्याकाळी नर फुलाचा पराग त्यास लावून पुन्हा बांधावे व खूण करावी. त्या एका फळाचे बी सबंध घरास पुरून उरते.

वाळवण : उन्हाळ्याची तरतूद

वांगी व टोमॅटो यांत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. म्हणून दहा किलो मालाचे साधारण एक किलो वाळवण मिळते. गवार व मेथीचे थोडे अधिक. फेब्रुवारीपासून हवा कोरडी होत असल्याने काम लवकर उरकते.

गवारीच्या कोवळ्या शेंगा उकळत्या मिठाच्या पाण्यात दोन-तीन मिनिटे बुडवून, निथळून, कापडावर पसराव्यात. वांग्याचे पातळ काप मीठ-हळदीच्या पाण्यात बुडवून मग वाळवावेत, म्हणजे ते काळे पडत नाहीत. मेथी व कोथिंबीर मात्र उन्हात ठेवू नये. प्रखर प्रकाशात पानांतील अ जीवनसत्त्वाचा अंश नष्ट होतो, म्हणून ती हवेशीर सावलीत वाळवावी. धूळ व माशांपासून बचावासाठी वरून पातळ सुती कापड बांधावे. वाळवण्यात क जीवनसत्त्व बहुतांशी जाते. त्याची भरपाई म्हणून अशा भाजीवर लिंबू पिळून खावे.

याच उन्हात कुरडया, उडदाचे पापड व बिबडे होतात. ज्वारी ओलवून कांडून, कोंडा काढून, भिजत घालून आंबविली जाते. मग ती वाटून तीळ, जिरे, लसूण व मिरची घालून शिजवतात आणि ओल्या कापडावर थापतात. लसूण-मिरची परसातली असल्यास या वाळवणाचा खर्च आणखी कमी होतो. सर्व वाळवण मृग लागण्यापूर्वी एक ऊन देऊन कोरड्या डब्यांत भरावे.

कीडनाशकांबाबत इशारा

कपाशीवर फवारण्यासाठी आणलेले औषध उरले म्हणून परसबागेत वापरू नये. ही भाजी दुसऱ्या दिवशी आपल्याच मुलांच्या ताटात येते. औषधांचे रिकामे डबे पाणी किंवा बियाणे ठेवण्यास घेऊ नयेत. ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात, गाळून त्यात थोडा साबणाचा चुरा मिसळून फवारावे. मावा व तुडतुडे यांसाठी हे पुरेसे होते. वांग्याचे सुकलेले शेंडे दर आठवड्यास अळीसह खुडून नष्ट करावेत.

शेतकरी बंधूंना एक विशेष विनंती. परसबाग हे केवळ घरातील स्त्रियांचे काम समजू नये. खड्डा खणणे, पाइप टाकणे, मांडव उभारणे ही दोन दिवसांची कामे आपण करून दिल्यास रोजचे काम अर्ध्या तासात होते. नाहीतर पाण्याच्या बादल्या वाहून थकलेल्या हातांनी बाग फार दिवस टिकत नाही.

सुरुवातीस मोठा खर्च करू नये. एक दिवस न्हाणी व मोरीचे पाणी बादलीने मोजावे. त्यास उन्हाळ्यासाठी आठाने भागावे. जो आकडा येईल, तेवढ्या चौरस मीटर जागेवर आपली बाग बारा महिने हिरवी राहील.