शोभेची दारू : हुन्नर मोठा, गफलत महाग

सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात कवठे एकंद हे गाव आहे. तेथील दसऱ्याची आतषबाजी पाहण्यास सांगली-साताऱ्याचे लोक हौसेने जातात. याच गावातील फटाक्यांच्या कारखान्यात मे २०१५ मध्ये स्फोट झाला व अनेक कामगार प्राणास मुकले. पिढ्यान्‌पिढ्यांचा हुन्नर असलेल्या गावी हे घडते, तर हंगामात घरच्या पडवीत दारू भरणाऱ्यांनी किती सावध राहावे?

आम्ही कापडाचे व्यापारी, म्हणून कापडापासूनच सुरुवात करतो. नायलॉन, टेरिलीनचे कपडे घासले की त्यांत वीज साठते. कोरड्या हवेत तिची ठिणगी डोळ्यांना दिसतही नाही, पण बारीक मिश्रण पेटण्यास ती पुरते. यासाठी काम करताना अंगावर सुती कपडेच हवेत. ठासण्यासाठी लोखंडी सळईही नको, लाकडी बरी.

दुसरी गफलत मिश्रणात होते. गंधक व क्लोरेट एकत्र आले की नुसत्या घर्षणाने किंवा हलक्या ठोक्यानेही पेट घेतात. म्हणूनच केंद्र सरकारने जानेवारी १९९२ मध्ये फटाक्यांत या मिश्रणावर बंदी घातली. ॲल्युमिनियमची पूड घातलेला माल ओलसर राहिला, तर तो आतल्या आत तापत जातो. रात्री झाकून ठेवलेला माल असा आपोआप पेटू शकतो.

तिसरी गफलत सर्वांत मोठी, ती म्हणजे साठा. चूक माणसाकडून होणारच. समोर मूठभर माल असेल तर हात भाजेल. खोलीभर असेल तर घर जाईल, शेजारीही जाईल. म्हणून भरलेला नग लगेच दूर न्यावा. चूल, विडी व मुले जवळ नकोत.

२००८ च्या स्फोटक नियमांप्रमाणे एका वेळी १५ किलोपर्यंत माल तयार करण्याचा परवाना जिल्हादंडाधिकारी देतात. मोठ्या कारखान्यांचे परवाने देणाऱ्या केंद्रीय खात्याचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. परवान्याचा खटाटोप अनेकांना जाचक वाटतो. परंतु बेकायदा माल घरात पेटला तर विम्याची भरपाईही हातची जाऊ शकते आणि वर खटला उभा राहतो.

हंगामाचा मुनाफा चार दिवसांचा असतो. गेलेला हात मात्र पुन्हा येत नाही, आणि कारागिराची सारी पुंजी त्या हातातच असते.